बिनविषारी असल्याचा दाखला

ऑर्किड कुत्र्याला विषारी असतं का, या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. हे उत्तर मला चौकशीच्या पहिल्याच दिवशी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, उभ्याउभ्या मिळालं होतं. त्यानंतरचे तेवीस दिवस मी हेच उत्तर पुन्हा मिळवण्यासाठी जोडे झिजवले. आता कोणी म्हणेल, हा माणूस मूर्ख आहे. म्हणू दे. आमच्या घरात ते आधीच म्हणून झालंय, आणि तेही माझ्या तोंडावर.

मी आमच्या कचेरीत जुन्या नकाशांच्या नकला देण्याच्या खिडकीवर बसतो. ‘देण्याच्या’ हा शब्द पाटीवर आहे म्हणून लिहिला. नक्कल काय, कोणीही देईल. पण अर्जाला एक जोडपत्र कमी आहे हे पहिल्या नजरेत ओळखायचं आणि समोरच्याला हसतमुखाने परत पाठवायचं, याला हयात घालवावी लागते. मी पंचवीस वर्षं घालवली. त्याबद्दल कचेरीने माझा सत्कार केला. साहेबांनी दोन मिनिटांचं भाषण केलं, त्यात माझं आडनाव चुकवलं, आणि माझ्या हातात एक ऑर्किड दिलं.

ऑर्किड छान होतं, हे मी कबूल करतो. पांढरी, आत जांभळी झाक असलेली सात फुलं, एका काडीला चिमटे लावून उभी केलेली. कुंडी पारदर्शक, आत माती नाहीच, नुसते सालीचे तुकडे. मुळं कुंडीच्या बाहेर लोंबत होती. पंचवीस वर्षांत कचेरीने मला दिलेली ही पहिली जिवंत वस्तू. याआधीची सगळी भेट म्हणजे मेमो. मी ती कुंडी छातीशी धरून घरी आलो. रस्त्यात दोन माणसांनी वळून पाहिलं, आणि मी मुद्दाम हळू चाललो.

दारातच समोरच्या वहिनी भेटल्या. या वहिनींना जगातलं सगळं ठाऊक असतं. दिवसभर फोनवर वाचतात आणि संध्याकाळी जिन्यात उभ्या राहून वाटतात.

“अगंबाई! ऑर्किड?” वहिनी माझ्याकडे न बघता माझ्या बायकोला म्हणाल्या. “आणि तुमच्याकडे कुत्रा!”

“का हो? काय झालं?” बायको म्हणाली.

“अहो, विष असतं ते! माझ्या चुलत जावेच्या मैत्रिणीचं गेलं ना असंच. एक पान खाल्लं, आणि दोन दिवसांत खलास.”

“कुत्रा?” मी विचारलं.

“मांजर.”

“आणि खाल्लं ते ऑर्किडच?”

“लिली होती. पण तेच ते. झाडच ना?”

मांजर वेगळं, झाड वेगळं, बाकी गोष्ट अगदी तंतोतंत. अशा पुराव्यावर मी माझ्या खिडकीवर कोणाला उभंही केलं नसतं. पण बायकोचा चेहरा उतरला होता, कारण आमच्या घरातला कुत्रा हा नुसता कुत्रा नाही.

तो माझ्या सासऱ्यांचा आहे. सासूबाई गेल्यावर सासरे आमच्याकडे राहायला आले ते एक पेटी आणि एक तपकिरी, आडव्या बांध्याचा, कुठल्याही जातीत न बसणारा कुत्रा घेऊन. त्याला सगळे मुकादम म्हणतात. नाव अगदी बरोबर आहे. स्वतः काडीचं काम करत नाही, पण घरातल्या प्रत्येकाच्या कामावर नजर ठेवून बसतो. सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णा दिवसभरात मोजून दहा वाक्यं बोलतात. त्यातली आठ मुकादमाशी असतात, एक मुलीशी, आणि उरलेलं एक माझ्याशी, तेही बहुधा ‘पंखा बंद करा’ एवढंच. मुकादम माझं काहीही ऐकत नाही. मी ‘बस’ म्हटलं की तो आधी अण्णांकडे बघतो, आणि अण्णांनी मान हलवली तरच बसतो. पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर स्वतःच्या घरात माझ्या आदेशावर वरिष्ठांची सही लागते.

त्या संध्याकाळी मुकादमाने ऑर्किड हुंगलं, एकदा शिंकला, आणि पाठ फिरवून बसला. त्यानंतर त्याने त्या झाडाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. हे नीट लक्षात ठेवा.

“अहो, ते झाड नकोच घरात,” बायको म्हणाली.

“का नको? माझ्या सत्काराचं झाड आहे ते.”

“उद्या याने खाल्लं तर?”

तेवढ्यात अण्णांनी माझ्या वाट्याचं वाक्य खर्च केलं. “जावईबापू, याला काही झालं तर मी कोणाशी बोलू?”

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? कोणा जाणकाराला विचारलं असतं. मी मात्र छाती पुढे काढून म्हणालो, “तुम्ही काळजीच करू नका, अण्णा. मी लेखी आणतो.”

कोणी मागितलं नव्हतं. हे मीच म्हणालो. पंचवीस वर्षं लोकांना ‘लेखी आणा’ म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडून दुसरं काय निघणार? आणि लेखी येईपर्यंत मी त्या ऑर्किडला बेडरूममधल्या कपाटावर, छताला लागून, बॅगांच्या मागे ठेवलं. कुंडीला चिठ्ठी लावली, ‘प्रकरण विचाराधीन’. बायकोने चिठ्ठी वाचली आणि आपल्या कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फुलवाल्याच्या दुकानात गेलो. काउंटरखाली एक गलेलठ्ठ कुत्री झोपली होती. तिच्या नाकाजवळच ऑर्किडची कुंडी होती आणि त्या ऑर्किडचं एक पान अर्धं कुरतडलेलं होतं.

“ऑर्किड कुत्र्याला विषारी असतं का?” मी विचारलं.

फुलवाल्याने खाली कुत्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “नाही,” तो म्हणाला. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

“नक्की?”

“ही नऊ वर्षांची आहे. कंटाळा आला की पान चावते. फारच खाल्लं तर ओकेल एखादवेळ, गवत खाऊन ओकते तशी. बाकी काही नाही.”

“हे लेखी द्याल का?”

“काय लेखी?”

“हेच. ऑर्किड बिनविषारी आहे म्हणून.”

फुलवाल्याने हातातली कात्री खाली ठेवली. “साहेब, मी फुलं विकतो. पाहिजे तर कुत्रीला लेखी मागा, तिचा अनुभव जास्त आहे.”

अशा माणसांमुळे देश मागे राहतो. मी त्याच्याकडून ‘एक नग ऑर्किड, पांढरं’ अशी ओळख पटवणारी चिठ्ठी तेवढी लिहून घेतली, कारण पुढे लागणार हे मला माहीत होतं, आणि तिथून तडक जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

डॉक्टरीणबाई एका बोक्याच्या कानात औषध घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “ही नेहमी मिळणारी ऑर्किडं कुत्र्यांना विषारी नसतात. मांजरांनाही नसतात. खताचं पाणी घातलेलं असेल किंवा कीड मारायचं औषध फवारलेलं असेल तर ते चाटू देऊ नका. सालीचे तुकडे गिळू देऊ नका, घशात अडकतात. संपलं.”

“लेखी?”

आता त्यांनी मान वर केली. बोक्यानेही केली. “मी जनावरांचे दाखले देते, झाडांचे नाही. कुत्रा आणा, तो ठणठणीत आहे असं लिहून देते.”

“पण तो ठणठणीत आहेच!”

“मग तुम्हाला काय हवंय?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते ऐकायला त्यांना वेळ नव्हता. एक पोपट वाट बघत होता.

त्याच दिवशी दुपारी माझ्या खिडकीवर शिवणक्लासच्या बाई आल्या. बाईंच्या क्लासचं छप्पर गळतं. दुरुस्तीच्या परवानगीला इमारतीच्या जुन्या नकाशाची नक्कल लागते, आणि ती माझ्याकडे मिळते. ही त्यांची चौथी खेप होती. हातात पिशवी, पिशवीत कागद, कागदांच्या कडेला चक्क शिलाई मारलेली, पडू नयेत म्हणून.

“या वेळी सगळं आणलंय, साहेब. पंधरा मशिनींवर प्लास्टिक टाकून बसलोय आम्ही,” त्या म्हणाल्या.

मी पहिल्या नजरेत पाहिलं. जोडपत्र तीन होतं, पण त्यावर तारीख नव्हती. मी हसतमुखाने सांगितलं. बाईंनी कागद पिशवीत ठेवले आणि त्या गेल्या. मला त्या दिवशी समाधान वाटलं होतं, ही गोष्ट लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

मग सुरू झाल्या माझ्या खेपा. उद्यान खात्यात मला सांगण्यात आलं की त्यांच्याकडे फक्त सार्वजनिक झाडं येतात. घरातलं झाड हे खासगी. ते झाड मी चौकात नेऊन लावलं तर विचार होऊ शकेल. तिथून पशुविभागात पाठवलं. तिथल्या खिडकीवर माझ्याच वयाचा एक कारकून होता, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोंडावर अत्यंत नम्र भाव.

“जनावर काय देतं?” त्याने विचारलं.

“म्हणजे?”

“दूध, अंडी, लोकर? फॉर्ममध्ये रकाना आहे.”

“त्रास देतं,” मी म्हणालो.

“त्याला रकाना नाही,” तो खेदाने म्हणाला. मग त्याने माझा अर्ज नुसता हातात धरला, वाचलाही नाही, आणि बोट बरोबर जिथे ठेवायला हवं होतं तिथेच ठेवलं. “जोडपत्रं कुठायत?”

काय माणूस! मला राग यायला हवा होता, पण आधी कौतुकच वाटलं. त्याने तीन जोडपत्रं सांगितली. एक, झाडाची ओळख, ती माझ्याकडे होती. दोन, कुत्रा निरोगी असल्याचा दाखला. तीन, कुत्रा आणि झाड एकाच पत्त्यावर राहत असल्याचं सोसायटीचं पत्र.

“एका पत्त्यावर नसतील तर तो ते खाईल कसं?” मी विचारलं.

“तेच तर सिद्ध व्हायला पाहिजे ना, साहेब,” तो हसतमुखाने म्हणाला.

ते हसू मी ओळखलं. तेच हसू मी पंचवीस वर्षं खिडकीतून बाहेर सोडत होतो. बाहेरून ते कसं दिसतं, हे मला पहिल्यांदा कळलं. घरी येईपर्यंत माझे कान गरम होते.

निरोगीपणाच्या दाखल्यासाठी मुकादमाला डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं, तर तो माझ्याबरोबर येईना. अण्णा पाहिजेत. अण्णा आले, मुकादम आला, मी मागून फाइल घेऊन. वाटेत समोरच्या वहिनी भेटल्या. “डॉक्टरकडे? खाल्लंच ना शेवटी?” त्या म्हणाल्या, आणि उत्तर ऐकायच्या आत जिना चढून गेल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीत मुकादम अत्यवस्थ होता. तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी भेटायलाही आलं. मुकादमाने त्यांची बिस्किटं खाल्ली.

सोसायटीच्या सेक्रेटरीचं प्रकरण तर विचारू नका. हा गृहस्थ एरवी पाण्याची टाकी वाहून गेली तरी हलत नाही, पण माझं पत्र द्यायची वेळ आली आणि त्याला जुनं दुखणं आठवलं. मुकादमाने म्हणे त्याच्या स्कूटरच्या मागच्या चाकावर तीनदा पाय वर केला होता.

“आधी माफीपत्र,” सेक्रेटरी म्हणाला. “लेखी.”

“कुत्र्याचं?”

“तुमचं. त्याच्या वतीने.”

मी, एका कचेरीचा सत्कारप्राप्त माणूस, जेवणाच्या टेबलावर बसून लिहिलं, ‘माझ्या घरी राहणारा कुत्रा नामे मुकादम याजकडून घडलेल्या कृत्याबद्दल मी दिलगीर आहे.’ बायको मागे उभी राहून वाचत होती. ती हसली असती तर परवडलं असतं. ती म्हणाली, “अहो, शुद्धलेखन तरी तपासा,” आणि आत गेली.

या सगळ्यात तिकडे कपाटावर फुलं गळत होती. सत्काराच्या वेळी सात होती. जोडपत्र दोन मिळालं तेव्हा पाच. माफीपत्र सादर केलं तेव्हा तीन. त्या कोपऱ्यात उजेड नाही, आणि पाणी घालायचं तर स्टुलावर चढावं लागायचं. बायको म्हणाली, “निदान खिडकीत तरी ठेवू या.” मी म्हणालो, “निर्णय होईपर्यंत जागा बदलता येणार नाही.” ती म्हणाली, “फुलवाला नाही म्हणाला, डॉक्टरीणबाई नाही म्हणाल्या, कुत्रा स्वतः बघत नाही. कोणाचा निर्णय राहिलाय?”

“कागदाचा,” मी म्हणालो.

चोविसाव्या दिवशी, सुट्टीच्या सकाळी, कागद आला.

मी ब्रेड-लोणी खात होतो. दारात पाकीट, जाड, सरकारी, खळीने चिकटवलेलं. मी लोण्याच्या हातानेच फोडलं. वर दाखला, खाली तीन जोडपत्रं, प्रत्येकाला स्वतंत्र पिन, आणि सगळ्यांना मिळून एक. चार पिना, दोन गोल शिक्के, एक आडवा. मी उभा राहून मोठ्याने वाचलं, ‘सदर वनस्पती सदर श्वानाने भक्षण केल्यास सर्वसाधारणपणे विषारी नसल्याचे आढळून येते. तथापि भक्षणाच्या परिणामांस हे कार्यालय जबाबदार राहणार नाही.’

काय भाषा! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. अण्णा फिरायला गेले होते, बायको आंघोळीला. पण असा कागद एकट्याने वाचायचा नसतो. मी तो टीपॉयवर ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून वर लोण्याचा ब्रेड ठेवला, आणि समोरच्या वहिनींची बेल दाबली.

“वहिनी, जरा येता का? लेखी आलंय.”

वहिनी ओला हात पदराला पुसत आल्या. आम्ही आत आलो. टीपॉयवर ब्रेड नव्हता. कागदही नव्हता. टीपॉयखाली मुकादम बसला होता आणि त्याच्या तोंडातून आडव्या शिक्क्याचा कोपरा बाहेर दिसत होता. माझ्या डोळ्यांदेखत त्याने तो आत घेतला.

ऑर्किडकडे तेवीस दिवस न बघणाऱ्या त्या जनावराने दाखला खाल्ला होता, जोडपत्रांसकट. त्याचं तरी काय चुकलं? वर लोणी, आत खळ. गालिच्यावर कागदाचा एकच तुकडा उरला होता. त्यावर लिहिलं होतं, ‘हे कार्यालय जबाबदार राहणार नाही.’

“बघा,” वहिनी म्हणाल्या. “मी म्हटलं नव्हतं? ऑर्किडपायीच झालं.”

मी गुडघ्यावर बसून गालिचा चाचपला. एक पिन सापडली. चार वजा एक. पिना किती होत्या हे मला पक्कं माहीत होतं, कारण जोडपत्रं किती लागतात हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

अण्णा आले तेव्हा मुकादमाने ओकायचा प्रयत्न केला होता, काही निघालं नव्हतं, आणि तो कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पट्टा घेतला. कडी लागेना. मी लावली. मुकादमाने पहिल्यांदाच मला लावू दिली.

दवाखान्यात फॉर्म होता. ‘काय खाल्लं?’ असा रकाना. मी ‘दाखला’ असं लिहिलं.

“कसला दाखला?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

माझा आवाज खाली गेला. “ऑर्किड खाल्लं तर कुत्र्याला काही होत नाही, असा.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “ऑर्किड खाल्लं असतं तर मी फोनवरच सांगितलं असतं, पाणी पाजा आणि झोपू द्या. हे काय करून आणलंत तुम्ही?”

एक्स-रे काढायला मुकादमाला आत नेलं. बाहेरच्या बाकावर अण्णा रिकामा पट्टा मांडीवर घेऊन बसले. मी शेजारी बसलो. काहीतरी बोलायला हवं होतं. पंचवीस वर्षांत मी हजारो लोकांना काय काय सांगून परत पाठवलंय, पण त्या बाकावर मला एक वाक्य सुचेना. अण्णा म्हणाले, “ही गेली तेव्हा हा तीन दिवस जेवला नव्हता.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “मी जेवलो. हा नाही जेवला.” मला इतकी लाज वाटली की वर बघवेना. भीतीही वाटत होती. मुकादमाला काही झालं असतं तर मी त्या घरात कोणत्या तोंडाने राहिलो असतो?

एक्स-रेमध्ये तीन पिना स्पष्ट दिसत होत्या, ओळीने.

“बारीक आहेत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “बहुतेक वेळा आपोआप बाहेर पडतात. मी सांगते ते खायला घाला. पोट दुखतंय, रक्त पडतंय असं वाटलं तर ताबडतोब आणा. आणि तिन्ही बाहेर आल्याची खात्री करा.”

“खात्री कशी करायची?”

“बघून,” त्या म्हणाल्या.

पुढचे चार दिवस मी काय केलं ते सभ्य भाषेत सांगणं कठीण आहे. सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत, सकाळ-संध्याकाळ, हातमोजे घालून, हातात काडी घेऊन, मी मुकादमाच्या मागे फिरलो, आणि त्याने जे जे सादर केलं त्याची बारकाईने तपासणी केली. अण्णा छत्री धरून उभे राहत, ऊन असो वा नसो. समोरच्या वहिनी गॅलरीतून सूचना देत. पहिली पिन दुसऱ्या दिवशी निघाली, दुसरी तिसऱ्या दिवशी. तिसरी निघेना. त्या सगळ्या रात्री अण्णांनी धड जेवण केलं नाही आणि मीही नाही. ताटावरून आम्ही एकमेकांकडे बघायचो आणि दोघेही उठायचो.

चौथ्या दिवशी सकाळी मुकादमाने जागा निवडली ती नेमकी सेक्रेटरीच्या स्कूटरच्या मागची. मी वाकलो. मागे सेक्रेटरी हेल्मेट घालून उभा.

“काय चाललंय काय?” तो ओरडला.

“थांबा,” मी म्हणालो. “तिसरं जोडपत्र शोधतोय.”

आणि सापडली! मी ती काडीच्या टोकावर धरून उजेडात पाहिली. “निघाली, अण्णा! तीन झाल्या!” मी इतक्या जोरात ओरडलो की तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली. अण्णांनी छत्री टाकली, मुकादमापाशी फतकल मारून बसले आणि त्याच्या मानेत तोंड खुपसून रडले. मी काडी धरून तसाच उभा. माझेही डोळे भरून आले, पण हातमोजे तसल्या अवस्थेत असल्यामुळे पुसता आले नाहीत.

घरी आल्यावर मी स्टुलावर चढलो आणि कपाटावरून ऑर्किड उतरवलं. फूल एकही नव्हतं. नुसती काडी, चिमटे, आणि ‘प्रकरण विचाराधीन’. मी ते कोणालाही काहीही न विचारता खिडकीत, मुकादमाच्या अंथरुणाच्या शेजारी ठेवलं. मुकादमाने एक पान चावून बघितलं, आवडलं नाही, थुंकला, झोपला. पानं हिरवी आहेत. फुलवाला म्हणाला, पुन्हा फुलेल, फक्त त्याला तुमच्या कचेरीपासून लांब ठेवा.

आणि परवा अण्णा आपणहून मला म्हणाले, “जावईबापू, पंखा असू द्या.”

त्याच दिवशी शिवणक्लासच्या बाई खिडकीवर आल्या. सहावी खेप. पिशवी, कागद, कडेला शिलाई. मी पाहिलं. जोडपत्र तीनवर तारीख होती, पण जोडपत्र एकची दुसरी प्रत नव्हती. पहिल्या नजरेतच दिसलं. ही खोड जाणार नाही.

मी उठलो, फडताळातून त्यांचा नकाशा काढला, नक्कल केली, सही केली, शिक्का मारला. पिनेकडे हात गेला होता, तो मागे घेतला. कागद सुटेच त्यांच्या हातात दिले.

“घ्या. झालं.”

बाई जागच्या हलल्या नाहीत. “आणि ती दुसरी प्रत?”

“नको.”

“नको?”

“नको. काही लागत नाही. तुम्ही छप्पर दुरुस्त करून घ्या. घरात कुत्रा असेल तर फक्त हे कागद उंचावर ठेवा.”

बाईंनी नक्कल उजेडात धरली. पुढून पाहिली, मागून पाहिली, शिक्क्यावरून अंगठा फिरवला. मग खिडकीच्या जाळीतून माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की मी घाबरलो.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “दुसरी प्रत लागत नाही, हे तेवढं लेखी देता का?”